कर्ज पुन्हा पुन्हा नामंजूर होतंय? जुनी थकबाकी आणि कोरं सिबिल तपासण्याचा क्रम

आधी लक्षणं बघा. यातलं एखादं जरी जुळत असलं तरी पुढचं तुमच्या कामाचं आहे.

- ॲपवर अर्ज भरला की काही मिनिटांत ‘आमच्या धोरणात बसत नाही’ असा संदेश येतो. कारण विचारलं तर कुणी धड सांगत नाही.
- शाखेत साहेब म्हणतात, “तुमचं सिबिलच येत नाही.” स्कोअरच्या जागी उणे एक किंवा ‘एनएच’ (नो हिस्ट्री, म्हणजे कर्जाचा इतिहासच नाही) दिसतं.
- चालू हप्ते सगळे वेळेवर जातायत, तरी स्कोअर सहाशेच्या आसपास अडकून बसलाय.
- स्कोअर साडेसातशेच्या वर आहे, तरीही गृहकर्जाची फाईल परत येते.
- अनोळखी नंबरवरून फोन येतो : “तुमचं दहा वर्षांपूर्वीचं कार्ड थकलंय, आज संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर केस होईल.”
- एका ठिकाणी नाही म्हणाले म्हणून आणखी तीन-चार ठिकाणी अर्ज टाकले, आणि स्कोअर अजून खाली आला.

मी बरीच वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होतो. आता ओळखीतली, गावाकडची माणसं नामंजुरीचे कागद घेऊन येतात आणि आम्ही बसून ते सोडवतो. माणसं वेगळी असली तरी बिघाड बहुतेक वेळा दोनपैकी एक असतो : एक तर जुनं काहीतरी उघडं राहिलेलं असतं, नाहीतर दाखवायला मुळात काहीच नसतं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्हीकडे कर्ज मिळत नाही. पण उपाय अगदी वेगळे आहेत. म्हणून खालचा क्रम मोडू नका. सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते आपला पत अहवाल (ज्याला आपण ‘सिबिल रिपोर्ट’ म्हणतो) न बघता, फोनवर जो मागेल त्याला आधी भरून टाकण्यात.

सगळ्यात आधी : नवे अर्ज थांबवा

याला खर्च शून्य. तुम्ही कर्जासाठी किंवा कार्डासाठी अर्ज केला की ती संस्था तुमचा अहवाल मागवते आणि त्याची ‘चौकशी’ म्हणून नोंद होते. महिन्याभरात अशा पाच-सहा नोंदी दिसल्या की पुढचा अधिकारी फाईल उघडण्याआधीच बिचकतो. कर्ज देणारी म्हणवणारी कितीतरी ॲपं एकाच अर्जावर अनेक संस्थांकडे चौकशी पाठवतात, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. कारण सापडेपर्यंत एकही नवा अर्ज नको.

दुसरी तपासणी : चारही अहवाल मागवा, फुकट

आपण सगळे सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, पण कुणी किती कर्ज घेतलं आणि कसं फेडलं याच्या नोंदी ठेवणाऱ्या देशात चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०१७ पासून या चौघींनी प्रत्येकी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा आहे. त्यांच्या संकेतस्थळावर ती सोय असते, फक्त ठळक बटणं सशुल्क योजनांची असतात. जरा शोधा आणि मोफतचाच पर्याय निवडा.

चारही कशाला? कारण नोंद एकीकडे दुरुस्त झालेली असते आणि दुसरीकडे तशीच राहिलेली असते. तुम्ही सिबिलचा अहवाल बघून निर्धास्त होता आणि बँक बघते दुसऱ्या कंपनीचा. बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्समधून कर्ज घेतलं असेल तर क्रिफ हाय मार्क अजिबात सोडू नका, त्या क्षेत्राच्या नोंदी तिथे जास्त सापडतात.

पैसे पाठवायच्या ॲपवर दिसणारा स्कोअर पुरत नाही. तो एकाच कंपनीचा असतो, आणि आपल्याला आकड्यापेक्षा त्याच्यामागची पानं हवी आहेत. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती इतकी पसरली आहे की माणसं दहा दहा वर्षं अहवाल उघडत नाहीत.

ओटीपी जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर जात असेल तर ओळखपत्र जोडून कंपनीकडे लेखी अर्ज करता येतो. थोडा वेळ लागतो, पण मिळतो.

तिसरी तपासणी : पहिलं पान, म्हणजे तुमची ओळख

सगळे हे पान उलटून थेट स्कोअरवर जातात. पण इथली एक चूक सापडली तर पुढची निम्मी मेहनत वाचते. पॅन, जन्मतारीख, नाव, पत्ते, फोन नंबर यांतली प्रत्येक ओळ ताडून बघा. तुम्ही कधीही न राहिलेला पत्ता दिसतोय का? न वापरलेला नंबर? मग दुसऱ्या कुणाचं तरी खातं तुमच्यात मिसळलेलं असू शकतं. एकाच गावात तेच नाव, तेच वडिलांचं नाव, तेच आडनाव असलेली दोन माणसं आपल्याकडे सर्रास सापडतात.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत नेहमी दिसणारा प्रकार वेगळा आहे. शिक्षणासाठी घेतलेलं कर्ज माहेरच्या नावावर असतं, वेळेत फिटलेलं असतं, आणि सासरच्या नावाने अर्ज केला की अहवाल कोरा येतो. तिचा चांगला इतिहास आहे, पण दुसऱ्या नावाखाली पडून आहे. आधी पॅनवर आणि बँकेत नाव एकसारखं करा, मग जुन्या कर्जाच्या बँकेला राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला देऊन नोंद अद्ययावत करायला सांगा. अशी तयार पत असताना नव्याने पत उभारायच्या मागे लागण्यात काही अर्थ नाही.

चौथी तपासणी : खात्यांच्या ओळी एकेक करून वाचा

इथे घाई करू नका. प्रत्येक खात्यासमोर कर्ज देणाऱ्याचं नाव, प्रकार, उघडल्याची तारीख, मंजूर रक्कम, शिल्लक, थकीत रक्कम आणि शेवटची नोंद कधीची, हे दिलेलं असतं. खाली छत्तीस महिन्यांच्या चौकटी असतात. चौकटीत तीन शून्यं म्हणजे त्या महिन्यात काही थकलेलं नाही. आकडा असेल तर तितके दिवस उशीर. तीन फुल्या म्हणजे त्या महिन्याची माहितीच आलेली नाही. ‘एसटीडी’ म्हणजे खातं नियमित, ‘एसयूबी’, ‘डीबीटी’, ‘एलएसएस’ म्हणजे खातं बुडीताच्या वाटेवर, पायरीपायरीने.

माझ्यासमोर सगळ्यात जास्त वेळा येणारी ओळ अशी असते : हप्त्यावर घेतलेला मोबाइल किंवा फ्रिज, साल २०१५ च्या आसपासचं, मंजूर रक्कम १४,०००, शिल्लक १,१८०, थकीत १,१८०. चौकटींमध्ये ०००, ०००, ०००, मग ०२९, ०६०, ०९०, पुढे आकडा चढतच गेलेला, आणि शेवटी ‘राइट-ऑफ’. नोकरी बदलली, पगाराचं खातं बदललं, जुन्या खात्यात पैसे राहिले नाहीत आणि शेवटचा हप्ता परत गेला. कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं ते जुन्या नंबरवर. अकराशे ऐंशी रुपयांसाठी दहा वर्षांनी पस्तीस लाखांचं गृहकर्ज अडतं. अशी माणसं समोर बसून रडलेली मी पाहिली आहेत, कारण त्यांनी आयुष्यात कुणाचे पैसे बुडवलेले नसतात.

तसंच क्रेडिट कार्डाचं. कार्ड फोन करून गळ्यात मारलेलं असतं, वापरलेलंही नसतं, पण वार्षिक शुल्क लागतं, त्यावर दंड, त्यावर व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी. न वापरता ड्रॉवरमध्ये पडलेलं कार्ड आजच लेखी अर्ज देऊन बंद करा. थकबाकी नसेल तर कंपनीने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायला हवं. नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये कंपनीने तुम्हाला द्यायचे असतात.

दोन शब्द नीट समजून घ्या. ‘राइट-ऑफ’ म्हणजे माफी नव्हे. बँकेने आपल्या हिशेबातून ती रक्कम बुडीत म्हणून बाजूला काढली, एवढंच. तुमच्याकडून येणं कायम आहे. ‘सेटल्ड’ म्हणजे तुम्ही ठरवून कमी पैसे भरले आणि बँकेने बाकीचं सोडलं. ते खातं मिटलं, पण पुढचा अधिकारी वाचतो की याने पूर्ण फेडलेलं नाही. हवा असतो तो शब्द म्हणजे ‘क्लोज्ड’, शिल्लक शून्य. स्कोअर चांगला असूनही फाईल परत येते ती बहुतेक या पहिल्या दोन शब्दांमुळे.

आणि ‘सात वर्षांनी नाव आपोआप निघतं’ ही ऐकीव गोष्ट सोडून द्या. कंपन्यांनी माहिती कमीत कमी सात वर्षं ठेवायची असा नियम आहे. सात वर्षांनी ती पुसावीच लागते, असा त्याचा अर्थ नाही.

आता प्रत्येक वाईट ओळीसमोर पेन्सिलने लिहा : माझं नाही / फेडलंय / फेडायचंय / जामीन आहे. पुढचे रस्ते इथून फुटतात.

‘माझं नाही’ आणि ‘फेडलंय’

या दोन्हींना पैसे लागत नाहीत, कागद लागतात.

अहवाल देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या ओळीवर तक्रार नोंदवा, आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही ईमेल करा. दोन्हीकडे, कारण सिबिलसारखी कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही. कर्ज देणाऱ्याने होकार दिला तरच बदलते. नुसती एकीकडे तक्रार केली की ‘संस्थेने नोंद बरोबर असल्याचं कळवलं’ असं छापील उत्तर येतं आणि माणूस तिथेच हरतो. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा हक्क आहे, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्या ३० पैकी २१ दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेला असतात. ईमेलमध्ये हा नियम एका ओळीत लिहिला की उत्तर लवकर येतं, हा माझा नेहमीचा अनुभव.

कर्ज तुम्ही घेतलेलंच नसेल, कुणी तुमच्या पॅनवर ॲपवरून उचललं असेल, तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार करा आणि तिची प्रत दोन्हीकडे जोडा. नुसत्या ‘मी घेतलं नाही’ या वाक्याला वजन येत नाही.

‘फेडलंय’ असेल तर बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असं संस्थेने दिलेलं पत्र) शोधा. सापडत नसेल तर संस्थेकडून नवा मागा आणि शेवटच्या हप्त्याचा खातेउतारा जोडा. जानेवारी २०२५ पासून संस्थांनी किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे, त्यामुळे नोंद बदलायला आता पूर्वीइतका काळ लागू नये. शेतकऱ्यांनी पीककर्जाच्या ओळी आवर्जून बघाव्यात. २०१७ च्या आणि २०१९ च्या कर्जमाफीत खातं निल झालं, गावात यादी लागली, पण अहवालात ते खातं अजून थकीत किंवा ‘सेटल्ड’ उभं आहे, असं दिसतं. शाखेतून कर्जमाफीचा लाभ मिळून खातं बंद झाल्याचं पत्र घ्या आणि वरचीच वाट धरा.

३० दिवस होऊनही दाद लागली नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार ऑनलाइन करता येते, शुल्क नाही, वकील लागत नाही. २०२२ पासून या अहवाल कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. मराठीतून माहिती हवी असेल तर १४४४८ हा नंबर आहे.

‘फेडायचंय’ : इथे सावकाश

हा भाग सगळ्यात नाजूक आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी हे कर्ज आज कुणाच्या मालकीचं आहे ते विचारा. जुनी कर्जं बँका मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना, म्हणजे थकीत कर्जं विकत घेऊन वसूल करणाऱ्या कंपन्यांना, विकतात. बँकेत पैसे भरायला गेलात तर “आता आमच्याकडे नाही” म्हणतात, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांचं नाव तुम्ही कधी ऐकलेलं नसतं. बँकेकडून लेखी घ्या : खातं कुणाला, कोणत्या तारखेला दिलं.

मग लेखी खातेउतारा मागा : मुद्दल किती, व्याज किती, दंड आणि इतर आकार किती. फोनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. त्याच माणसाचा आकडा सकाळी चाळीस हजार असतो आणि संध्याकाळी अठरा.

उतारा हातात येईपर्यंत दोन गोष्टी करू नका. ‘सद्भावना म्हणून पाचशे रुपये टाका’ यावर पाचशे रुपये टाकू नका, आणि कशावरही सही करू नका. कारण मुदतीचा कायदा. साध्या, विनातारण कर्जाच्या वसुलीचा दावा लावायला सावकाराला साधारण तीन वर्षं असतात. ती मुदत संपायच्या आत तुम्ही थोडे पैसे भरले किंवा ‘देणं आहे’ असं लिहून दिलं, तर तीन वर्षं नव्याने मोजली जातात. मुदत संपून गेल्यावरही ‘मी देईन’ असं सही करून लिहून दिलंत, तर करार कायद्याच्या कलम २५ खाली तो नवा करार होतो आणि त्यावर दावा चालतो. म्हणजे कोर्टात न टिकणारं देणं तुमच्या एका सहीने पुन्हा जिवंत होतं. ईमेलही लेखीच धरला जाऊ शकतो. मी ‘बुडवा’ असं सांगत नाही. मुदत गेली तरी देणं संपत नाही, अहवालातली ओळही जात नाही, आणि ती ओळ घालवायची तर शेवटी पैसे भरावेच लागतात. पण कधी, किती आणि कोणत्या अटींवर, हे तुम्ही ठरवायचं, पलीकडून फोन करणाऱ्याने नाही. तारण ठेवलेल्या घराला ही तीन वर्षं लागू नाहीत, तिथे मुदत बारा वर्षांची आहे.

रक्कम लहान असेल, तर घासाघीस न करता पूर्ण भरा आणि ‘क्लोज्ड’ नोंद मिळवा. अकराशे रुपयांत चारशे वाचवून ‘सेटल्ड’ पदरात घेणं फार महाग पडतं. रक्कम मोठी असेल आणि खरंच झेपत नसेल, तर एकरकमी परतफेडीची बोलणी करा. दंड आणि आकारांवर सूट मागा, मुद्दलावर शक्यतो नको, कारण मुद्दल पूर्ण दिलं की ‘क्लोज्ड’ लिहून मागायला तोंड राहतं. ‘सेटल्ड’वरच मिटवावं लागलं तरी ते उघड्या थकबाकीपेक्षा बरं. काही संस्था नंतर उरलेली रक्कम घेऊन नोंद बदलून देतात. मात्र तडजोडीनंतर त्याच बँकेकडून नवं कर्ज लगेच मिळत नाही. शेतीकर्ज सोडलं तर किमान बारा महिने थांबावं लागतं.

बोलणी जमली की संस्थेच्या लेटरहेडवर पत्र येऊ द्या. पत्रात खाते क्रमांक, ठरलेली रक्कम, भरायची शेवटची तारीख, त्यानंतर काही येणं राहणार नाही हे वाक्य, आणि अहवालात कोणता शब्द लिहिणार तो शब्द, एवढं हवंच. पत्र आधी, पैसे नंतर. पैसे फक्त कर्जखात्यात किंवा संस्थेच्या नावावर. वसुली एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही, तो कितीही गोड बोलला किंवा कितीही ओरडला तरी. मग पावती, बेबाकी दाखला, आणि महिन्याभराने अहवाल पुन्हा तपासणं. तारण होतं तर मूळ कागद पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत परत मिळायला हवेत, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. हा नियम डिसेंबर २०२३ पासूनचा.

वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. नातेवाइकांना, ऑफिसात फोन करून बदनामी करणं, शिवीगाळ, धमकी हे सगळं नियमबाह्य आहे. तारीख-वेळ लिहून ठेवा, रेकॉर्डिंग ठेवा, आणि बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवा. घाबरून सोनं मोडून पैसे भरलेले लोक मी पाहिलेत. नंतर खातेउतारा काढला तर देणं त्याच्या निम्मंही नव्हतं.

लोकअदालतीची नोटीस आली तर हबकू नका. तिथे कोर्ट फी नाही आणि तडजोडीला बँका बऱ्यापैकी वाकतात. पण तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतका पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून झेपतील एवढेच हप्ते कबूल करा.

‘जामीन आहे’

मित्रासाठी, चुलतभावासाठी केलेली सही. करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक आधी त्याच्याकडे जाईल मग माझ्याकडे येईल, हा समज चुकीचा आहे. ती थेट तुमच्याकडे येऊ शकते, आणि त्याचं थकलं की तुमच्या अहवालातही दिसतं. इथे पहिला उपाय म्हणजे मूळ कर्जदाराला घेऊन शाखेत जाणं. संबंध बिघडतील म्हणून जितके महिने गप्प बसाल तितकं व्याज वाढतं.

पतसंस्थेची गोष्ट वेगळी. गावोगावच्या पतसंस्थांची कर्जं या अहवालांत बहुधा दिसत नाहीत, त्यामुळे अहवाल स्वच्छ असला तरी तुम्ही मोकळे आहात असं नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला की वसुली अधिकारी कलम १५६ खाली जप्तीपर्यंत जाऊ शकतो, आणि पगारातून कपातीचं हमीपत्र दिलेलं असेल तर थेट पगाराला हात लागतो. कुठे कुठे सह्या केल्यात, ते आठवून एका कागदावर लिहा.

काहीच सापडलं नाही? मग पत शून्यातून उभारायची

“आयुष्यात कुणाचा रुपया उधार घेतला नाही, तरी मला कर्ज का नाही?” हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला फार कळवळा येतो. अहवालात फक्त उधारी आणि तिची फेड दिसते. वीजबिल, भाडं, यूपीआय, आवर्त ठेव, विम्याचा हप्ता, एसआयपी यांनी अहवालाच्या पानावर अक्षरही उमटत नाही.

आधी एक फुकटचा प्रयत्न. पूर्वी कर्ज घेतलेलं नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे, आणि किमान स्कोअर किती हवा असा आकडा रिझर्व्ह बँकेने ठरवलेला नाही. ज्या बँकेत पगार किंवा धंद्याची उलाढाल जमा होते तिथेच जा. पगाराच्या पावत्या किंवा आयकर विवरणपत्र आणि वर्षभराचा खातेउतारा न्या. नकार दिला तर कारण लेखी मागा.

त्याने नाही झालं तर स्वस्तातला रस्ता म्हणजे मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड. दहा-पंधरा हजारांची ठेव पुरते, तिच्यावर व्याज चालू राहतं, आणि बँकेची जोखीम नसल्यामुळे कोऱ्या अहवालावरही कार्ड मिळतं. वापर असा ठेवा : दहा हजारांची मर्यादा असेल तर महिन्याला पेट्रोल किंवा किराणा धरून दोन-तीन हजार, त्याहून जास्त नाही. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहिलं की स्कोअरला बरं. बिलावर दोन आकडे असतात, ‘एकूण देय’ आणि ‘किमान देय’. ऑटो-पेला नेहमी एकूण देय निवडा. किमान भरत राहिलात तर उरलेल्यावर महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्क्यांपर्यंत, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या पुढे व्याज लागू शकतं. साधारण सहा महिने असे नीट गेले की अहवालात आकडा उगवतो.

कार्ड नको असेल तर बँकेतून लहानसं सोनेतारण कर्ज घेऊन ते हप्त्याने फेडणं चालतं. हातगाडीवाले, भाजीवाले, पथारीवाले यांच्यासाठी पीएम स्वनिधी आहे : पहिलं कर्ज आता १५,०००, ते वेळेत फेडलं की २५,०००, मग ५०,०००. नगरपालिकेत चौकशी करा. यातून फक्त धंद्याला भांडवल मिळतं असं नाही, इतिहासही तयार होतो, आणि ज्यांच्याकडे पगाराची पावती नाही त्यांना तो दुसरीकडून मिळणं कठीण.

जुनी थकबाकी मिटवलेल्यांनीही हाच मार्ग धरायचा. मिटलेली वाईट ओळ तशीच राहते, तिच्यावर चांगल्या महिन्यांची रांग लागावी लागते. जुनं, नीट चाललेलं कार्ड मात्र या नादात बंद करू नका. तुमच्या इतिहासाचं वय त्याच्यावर मोजलं जातं.

इथे थांबा आणि वकील गाठा

खालच्या गोष्टी घरी बसून सोडवायच्या नाहीत. दिवस मोजलेले असतात.

- चेक बाउन्सची कलम १३८ ची नोटीस. मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम दिली नाही तर फौजदारी तक्रार होऊ शकते.
- सरफेसी कायद्याखाली (तारण मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घ्यायचा अधिकार बँकेला देणारा कायदा) घरासाठी किंवा दुकानासाठी आलेली ६० दिवसांची नोटीस. त्यात हरकत लेखी द्यावी लागते. ताबा घेण्याची कारवाई झाली तर कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस असतात.
- पतसंस्थेच्या कर्जासाठी सहकार कायद्याच्या कलम १०१ ची नोटीस. त्या टप्प्यावरच हजर राहून म्हणणं मांडा. एकदा दाखला निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षणाला जायला वसुलीच्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते.
- दिवाणी कोर्टाचं समन्स. गैरहजर राहिलात तर एकतर्फी निकाल लागतो.
- वारलेल्या आई-वडिलांचं कर्ज. वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. वकिलाला दाखवल्याशिवाय बँकेच्या कुठल्याही नव्या कागदावर सही नको.
- सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या वर गेलेत आणि एका कर्जासाठी दुसरं काढणं चालू आहे.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्न मर्यादेत असेल तर.

‘सिबिल क्लिअर करून देतो’ अशी पाटी लावणाऱ्यांकडे जाऊ नका. बरोबर असलेली नोंद कुणालाही पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकटात दुरुस्त करू शकता. हे लोक हजारो रुपये घेतात, वर पॅन, आधार आणि ओटीपी मागतात. त्याच कागदांवर नवं कर्ज निघालेली प्रकरणं माझ्याकडे आली आहेत.

पुन्हा अर्ज कधी करायचा

चारही अहवालांत जुनी ओळ बंद आणि शिल्लक शून्य दिसायला लागली की. कोऱ्या अहवालवाल्यांनी स्कोअर उगवून आणखी दोन-तीन बिलं गेल्यावर. अर्ज एकाच ठिकाणी करा, पगाराच्या बँकेत. फाईलमध्ये बेबाकी दाखला, तडजोडीचं पत्र, भरल्याची पावती आणि दुरुस्त झालेल्या अहवालाची प्रत लावा, आणि अधिकाऱ्याने विचारण्याआधीच जुन्या ओळीबद्दल चार वाक्यांचं पत्र जोडा : काय थकलं होतं, का, कधी भरलं, दाखला कोणत्या पानावर आहे. कर्ज विभागात टेबलाच्या पलीकडे बरीच वर्षं बसलो म्हणून सांगतो, असं पत्र असलेली फाईल नीट वाचली जाते. मूळ दाखला बँकेला देऊ नका, प्रत द्या. मूळ घरच्या दस्तांबरोबर ठेवा, कारण कर्ज पुन्हा कुणाला विकलं गेलं तर काही वर्षांनी तोच फोन परत येऊ शकतो.